ओपल: पाणी पिणारा आणि न पिणारा

या महिन्याच्या टपालात ओपल या रत्नाविषयीची पत्रं इतकी आहेत की सदर पूर्ण त्यालाच द्यावं लागलं. पत्रं छापताना थोडी छोटी केली आहेत.

प्रश्न: ज्योतिषांच्या सांगण्यावरून मुलासाठी सव्वापाच रत्तीचा ओपल चांदीत करून घेतला. शुक्रवारी धारण करण्याआधी रात्रभर कच्चं दूध, मध आणि गंगाजलात ठेवला. सकाळी पाहतो तर खडा काचेसारखा आरपार, रंग गायब! चार-पाच दिवसांनी रंग परतले, पण खडा पिवळट झाला तो झालाच. दुकानदार म्हणतो, तुम्हीच खराब केला. खडा नकली होता का? (कोल्हापूर)

नकली नव्हता. उलट रंग जाऊन परत आले, यावरून तो अस्सल, पण इथिओपियाचा असावा, असंच दिसतं.

ओपल म्हणजे सिलिका आणि पाणी. सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे, साधारण १५० ते ३०० नॅनोमीटर व्यासाचे, डब्यात रचलेल्या लाडवांसारखे ओळीत बसलेले असतात. त्या रचनेवरून प्रकाश फाकतो आणि रंग दिसतात. इथिओपियाच्या वोलो भागातल्या ओपलमध्ये बारीक छिद्रं मोकळी असतात आणि ती पाणी शोषतात. छिद्रांतल्या हवेची जागा पाण्याने घेतली की खडा पारदर्शक होतो आणि रंग मावळतात. वजनही वाढतं. पाणी उडून गेलं की सगळं पूर्ववत होतं. अशा ओपलला हायड्रोफेन म्हणतात.

पाणी उडून जातं, पण दुधातली स्निग्धता आणि मधातली साखर उडून जात नाही. ती छिद्रांत बसते, आणि पिवळेपणा तिचाच आहे. आता एवढं करून पाहा. खडा बंद कोंदणात चिकटवलेला असेल तर आधी सोनाराकडून सोडवून घ्या. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये (बॅटरीत घालतात ते नव्हे, औषधाच्या दुकानातलं) दोन दिवस ठेवा आणि दर सहा-आठ तासांनी पाणी बदला. खडा पुन्हा आरपार दिसेल, घाबरू नका. नंतर सुती फडक्यावर, सावलीत, पंख्यापासून दूर आठवडाभर तरी वाळू द्या. ऊन, हेअर ड्रायर, ओव्हन यांपैकी काहीही नको. घाईने वाळवलं तर तडे जातात. डाग थोडाफार फिका पडतो, पूर्ण जाईल याची हमी नाही.

पुढच्या वेळी पूजेसाठी अंगठी ताम्हनात ठेवून फूल-अक्षता वाहा. हळद-कुंकू खड्याला लागू देऊ नका. सच्छिद्र दगडात हळद गेली की गेली. ग्रहांना काय चालतं ते ज्योतिषी सांगतील, खड्याला हे चालत नाही. आणि शुक्रासाठी म्हणून ओपल विकणाऱ्या दुकानदाराला ग्राहक घरी जाऊन काय करणार हे माहीत असतंच. न सांगणं ही त्याची चूक आहे.

रत्तीचा घोळही पाहून घ्या. सोनारी रत्ती १२१.५ मिलिग्रॅमची, तर ग्रहांचे खडे विकणारे बरेच जण 'पक्की रत्ती' म्हणून सुमारे १८२ मिलिग्रॅम धरतात. तुमचे सव्वापाच रत्ती पहिल्या हिशोबाने ३.१९ कॅरेट होतात, दुसऱ्याने ४.७८. एकाच आकड्यात दीड कॅरेटचा फरक! म्हणून भाव रत्तीवर नको, कॅरेटवरच विचारा. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्यात वाद नाही. आणि हायड्रोफेन खडा तुमच्यासमोर, कोरडा असतानाच काट्यावर ठेवायला सांगा.

प्रश्न: लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला पेंडंट घ्यायचं आहे. एका दुकानात ऑस्ट्रेलियन ओपल दाखवले, दुसऱ्यात इथिओपियन. खरं सांगायचं तर इथिओपियनच जास्त चमकदार वाटला, आणि कितीतरी स्वस्त. मग ऑस्ट्रेलियनला जादा पैसे का द्यायचे? आणि पारखायचा कसा? (पुणे)

डोळ्यांना दिसलं ते खरंच आहे. वोलोचा चांगला खडा तेजात ऑस्ट्रेलियनला हरवू शकतो. ही खाण २००८ च्या सुमारास पुढे आली, माल भरपूर निघाला, त्यातला बराचसा जयपूरला घासला जातो आणि तिथूनच आपल्याकडे येतो. स्वस्ताईचं एक कारण तेच. दुसरं म्हणजे वरच्या पत्रातला गुण: तो पाणी, तेल, अत्तर, घाम सगळं पितो. ऑस्ट्रेलियन ओपलमध्येही वजनाच्या साधारण ६ ते १० टक्के पाणी असतं, पण ते आत बंद असतं. बाहेरचं पाणी त्यात शिरत नाही. जादा पैसे जातात ते या निर्धास्तपणासाठी आणि खड्याच्या अंगच्या रंगासाठी.

अंगचा रंग म्हणजे वरचे लाल-हिरवे खेळते रंग सोडून खाली जी भूमी दिसते ती. ऑस्ट्रेलियात ती एन१ ते एन९ अशी मोजतात. एन१ ते एन४ काळा ओपल, एन५-एन६ गडद, त्यापुढचा फिका. काळा ओपल मुख्यतः न्यू साउथ वेल्समधल्या लाइटनिंग रिजचा, आणि सर्वांत महाग. पांढरा, दुधाळ ओपल मुख्यतः दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडीचा. तिथे १९१५ मध्ये ओपल सापडला. क्वीन्सलँडचा बोल्डर ओपल लोहयुक्त तपकिरी दगडाला चिकटूनच येतो आणि तसाच, पाठीला दगड ठेवून, घासतात. आमच्या मते पेंडंटसाठी हा सर्वांत किफायती. मागच्या दगडामुळे मजबुती येते, गडद पाठीमुळे रंग उठतात आणि काळ्या ओपलपेक्षा बराच कमी खर्च येतो. आकार मात्र वेडावाकडा मिळतो, त्यामुळे पेंडंट त्याच्या मापानेच घडवावं लागतं.

आता पारख. दुकानातले स्पॉटलाइट ओपलसाठीच लावलेले असतात, हे धरून चला. खडा घेऊन दाराशी, सावलीतल्या उजेडात जा. हात लांब करून धरा. तिथेही रंग जिवंत दिसत असतील तर तेज चांगलं. नंतर खडा हळूहळू चारी बाजूंना कलता करा. काही खडे एकाच कोनात पेटतात आणि जरा हलले की राखाडी होतात. गळ्यात पेंडंट उभं लटकतं, म्हणून खडा उभा धरून समोरून काय दिसतं ते आधी बघा. ट्रेमध्ये आडवा ठेवून पाहिलेला खडा घरी आल्यावर निराश करतो तो इथेच.

रंगांत लाल दुर्मीळ, कारण त्याला मोठे गोळे लागतात आणि तेही शिस्तीत बसलेले. म्हणून लाल सर्वांत महाग, मग नारिंगी, हिरवा, निळा. पण मंद लालपेक्षा झळझळीत हिरवा-निळा आम्ही कधीही घेऊ. मोठे, रुंद ठिपके बारीक टाचणीएवढ्या ठिपक्यांपेक्षा वरच्या किमतीचे असतात. चौकोनांची नीट जुळलेली नक्षी, जिला हार्लेक्विन म्हणतात, अगदी विरळा. हा शब्द हल्ली कोणत्याही ठिपकेदार खड्याला लावतात, तिकडे लक्ष देऊ नका.

मग दहापट भिंग मागा. फोनचा टॉर्च खड्याच्या बाजूने, आडवा मारा, मागे काळं कापड धरा. भेग असेल तर ती उजेडाच्या चमकत्या रेघेसारखी दिसेल. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या तर खडा परत द्या, कितीही सुंदर असो. राखाडी शिरा, वाळूचे कण हे दोष समोरून दिसत नसतील तर चालतील, मात्र त्यांच्यासाठी भाव उतरवून घ्या.

इथिओपियन की ऑस्ट्रेलियन, यासाठी दुकानदाराच्या परवानगीने खड्याच्या पाठीवर पाण्याचा एक थेंब ठेवा. ऑस्ट्रेलियनवर तो तसाच बसून राहतो आणि पुसला जातो. हायड्रोफेनवर थेंब जिरतो, खाली ओलसर पारदर्शक डाग दिसतो, तो पुढे वाळून जातो. जुने व्यापारी खडा जिभेला लावून बघतात, सच्छिद्र खडा चिकटतो. तुम्ही थेंबावरच भागवा.

आणखी एक गोंधळ. आपल्याकडे खेळत्या रंगांना 'फायर' म्हणतात, आणि मग इथिओपियन खडा 'फायर ओपल' म्हणून विकला जातो. मूळचा फायर ओपल म्हणजे मेक्सिकोचा केशरी-लाल अंगाचा, बहुधा पारदर्शक खडा. त्यात खेळते रंग असतील किंवा नसतीलही. पावतीवर नुसतं 'फायर ओपल' लिहिलेलं चालवून घेऊ नका.

प्रश्न: ऑनलाइन काळा ओपल स्वस्तात मिळतोय, ७ कॅरेटचा, तेही प्रमाणपत्रासह. घ्यावा का? (पिंपरी)

त्या किमतीत तो बहुधा धुरी दिलेला इथिओपियन असेल. खडा कागदात गुंडाळून तापवतात, काजळी छिद्रांत शिरते आणि पांढरा खडा काळा होतो. भिंगातून रंगांच्या आत बारीक काळे ठिपके दिसतात. भडक जांभळे, निळे खडे तर सरळ रंगवलेले असतात, आणि भेगांत रंग जास्त साचलेला दिसतो. असा खडा घेऊ नये असं नाही, पण काळ्या ओपलचे पैसे देऊन नको. प्रमाणपत्र पाहताना नुसतं 'नॅचरल ओपल' वाचून थांबू नका. 'ट्रीटमेंट' आणि 'कमेंट्स' या ओळी वाचा. इथिओपियन खडाही नॅचरलच असतो, धुरी दिली तरी!

प्रश्न: सासूबाईंच्या जुन्या अंगठीतला ओपल बाजूने पाहिला तर थर दिसतात. कडेला पांढुरके धुकट डागही पडलेत. (ठाणे)

ट्रिपलेट आहे. सर्वांत वर क्वार्ट्झ किंवा काचेचा घुमट, मधे ओपलची पातळ चकती आणि खाली काळी पाठ, असे तीन थर गोंदाने जोडलेले. बाजूने पाहिलं की वरचा भाग अगदी स्वच्छ, बिनरंगी दिसतो आणि रंग तळाशी, भिंगाखाली ठेवल्यासारखे. कडेचे डाग म्हणजे वर्षानुवर्षं भांडी घासताना, हात धुताना गोंदात शिरलेलं पाणी. ते काढता येत नाहीत.

डब्लेटमध्ये वरचा घुमट नसतो, फक्त ओपल आणि पाठ. हा ओळखायला कठीण, कारण निसर्गातही ओपल आपल्याच राखाडी पोचवर बसलेला असतो. पोच म्हणजे रंग न खेळणारा ओपल. भिंगातून जोड पाहा. गोंदाची रेघ सरळ, सुरीने कापल्यासारखी असते आणि तिच्यात कधी हवेचे बुडबुडे दिसतात. नैसर्गिक जोड वरखाली जातो, रंग खाली झिरपलेले दिसतात. खडा बंद कोंदणात असेल तर कड आणि पाठ दोन्ही झाकली जातात आणि मग बाहेरून कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून महागाचा 'काळा ओपल' बंद कोंदणात दाखवला तर सुटा खडा मागावा.

डब्लेट-ट्रिपलेट विकणं फसवणूक नाही, अख्खा म्हणून विकणं फसवणूक आहे. त्यांचा भाव कॅरेटवर लावत असतील तर हसून निघून या. त्या वजनात काच आणि पाठच जास्त असते.

प्रश्न: समुद्रकिनाऱ्यावरच्या बाजारात निळसर झाक मारणारे 'ओपल' मणी माळेने मिळतात. खरे का? (म्हापसा)

काच. 'ओपलाइट' नावाने विकतात, कधी मूनस्टोन म्हणूनही. काळ्या कापडावर निळसर आणि दिव्यासमोर धरल्यास केशरी दिसतात, आत कधी बुडबुडेही असतात. हौस म्हणून माळ घ्या, पण काचेच्याच भावाने.

प्रश्न: नागपुरात उन्हाळ्यात ४५ अंश सहज होतं. ओपलची अंगठी रोज वापरू का? लॉकरमध्ये तेलात बुडवून ठेवावी असं एकीने सांगितलं. (नागपूर)

तेल अजिबात नको. ऑस्ट्रेलियन ओपलला त्याचा उपयोग शून्य, आणि इथिओपियन ते पिऊन कायमचा बिघडतो. ग्लिसरीनचंही तेच.

उष्णतेपेक्षा तापमानाचा एकदम बदल वाईट. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलेली अंगठी घेऊन थंड पाण्याखाली हात धुतले की ताण बसतो. हवा फार कोरडी असेल तर खड्यातलं पाणी हळूहळू उडतं आणि काही खड्यांना बारीक जाळीदार तडे पडतात. सगळ्यांना नाही. कोणत्या खाणीचा, कोणत्या थरातला, यावर ते ठरतं. म्हणून सुटा खडा घेताना तो किती दिवस कोरडा ठेवून निरखला आहे, हे विचारण्यात अर्थ आहे. लॉकरमध्ये वर्षानुवर्षं ठेवायचा असेल तर ऑस्ट्रेलियन खड्याच्या पिशवीत किंचित ओलसर कापसाचा बोळा ठेवतात. इथिओपियन मऊ कापडात, कोरडाच ठेवा. त्या डबीत सिलिका जेलची पुडी टाकू नका.

रोज वापरण्याबद्दल म्हणाल तर अंगठीपेक्षा कानातले किंवा पेंडंट बरे. ओपलची कठिणता मोहस मापावर (खनिजांची कठिणता मोजायचं १ ते १० चं माप) ५.५ ते ६.५, आणि घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात त्यांची ७. म्हणजे कोरड्या फडक्याने धूळ पुसणं म्हणजेच ओरखडे काढणं. आधी फुंकर मारा, मग ऑस्ट्रेलियन असेल तर कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून बोटाने धुवा. इथिओपियन फक्त किंचित ओलसर मऊ कापडाने. अंगठीच हवी असेल तर खड्याच्या कडेवर सोन्याची पट्टी येणारं कोंदण करून घ्या, दाढांमध्ये (खडा पकडणाऱ्या धातूच्या आकड्यांत) उघडा अडकवू नका. खड्याचा माथा पट्टीपेक्षा फार वर नको.

सोनाराला दोन गोष्टी आधीच बजावा. अंगठीचं माप बदलताना खडा काढल्याशिवाय गॅसची ज्योत लावायची नाही. आणि अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये किंवा वाफेखाली टाकायचा नाही. दुकानात 'जरा धुऊन देतो' म्हणत दागिना आत नेतात, तेव्हा हे तोंडाने सांगावं लागतं.

प्रश्न: मेलबर्नला मुलीकडे चाललो आहे. तिथून आणलेला ओपल स्वस्त पडतो का? (सांगली)

निवड जास्त मिळते, स्वस्त पडेलच असं नाही. पर्यटकांच्या दुकानांत ट्रिपलेट भरपूर असतात. चांगल्या दुकानात चिठ्ठीवर 'सॉलिड' (म्हणजे अख्खा), 'डब्लेट', 'ट्रिपलेट' स्पष्ट लिहिलेलं असतं. नसेल तर विचारा आणि तेच पावतीवर घ्या. तिथला १० टक्के जीएसटी किमतीतच धरलेला असतो. एकाच व्यापाऱ्याकडून (म्हणजे एकाच एबीएन या व्यवसाय-नोंदणी क्रमांकाखाली) ३०० ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा जास्त खरेदी, निघण्याआधीच्या ६० दिवसांत केलेली असेल, तर विमानतळावर टीआरएसच्या (प्रवाशांना कर परत देणाऱ्या सरकारी योजनेच्या) खिडकीवर कर परत मागता येतो. परतावा किमतीच्या अकराव्या भागाएवढा. कर-पावती, पासपोर्ट, बोर्डिंग पास आणि दागिना हातातल्या सामानात हवा. चेक-इन बॅगेत टाकलात तर दाखवणार काय? इकडे उतरल्यावर भारतीय कस्टमचे नियम वेगळे, ते निघण्याआधी पाहून घ्या.

प्रश्न: पेंडंटवर हॉलमार्क आहे. वेगळं प्रमाणपत्र लागेल? (नाशिक)

हॉलमार्क आणि त्यासोबतचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, एचयूआयडी, फक्त सोन्याच्या शुद्धतेविषयी बोलतात, खड्याविषयी अवाक्षर नाही. पावतीवर सोन्याचं निव्वळ वजन आणि खड्याचं वजन वेगवेगळं हवं, नाहीतर ओपल सोन्याच्या भावात जातो. खड्यापुढे देश, 'अख्खा' की जोडलेला, कोणती प्रक्रिया केली आणि कॅरेट, एवढं लिहून घ्या. खडा महाग असेल तर मुंबईत किंवा जयपूरमध्ये रत्नांच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या, शक्यतो कोंदणात बसवण्याआधी. बसवलेल्या खड्याच्या अहवालात 'कोंदणामुळे तपासणी मर्यादित' अशा अर्थाची ओळ येते आणि मुद्द्याचं तेवढं राहून जातं.

प्रश्न: दहा वर्षं वापरलेला ओपल मंद झालाय. एक भेगही दिसते. पॉलिश करून मिळेल? (डोंबिवली)

मंदपणा ओरखड्यांचा असेल तर हो. सोनाराकडे नको, खडे घासणाऱ्याकडे द्या. तो खडा काढून पाणी लावून वापरायच्या बारीक पॉलिश पेपरवर घासतो आणि शेवटी ओल्या नमद्यावर (लोकरीच्या जाड कापडावर) सेरियम ऑक्साइड या पॉलिशच्या पुडीने झळाळी आणतो. त्यात जाडी थोडी कमी होते. काळ्या ओपलमध्ये रंगाचा थर मुळातच पातळ असला तर हेच धोक्याचं. आधी बाजूने थर किती जाड आहे ते त्याच्याकडून पाहून घ्या. ट्रिपलेट असेल तर फक्त वरचा घुमट उजळतो, गोंदातलं धुकं तसंच राहतं.

भेग पॉलिशने जात नाही. वरवरची असेल तर तेवढा भाग घासून काढता येतो, खोल असेल तर घासताना खडा तिथेच दुभंगू शकतो. राळ भरून ती लपवतात, पण असा खडा पुढे विकताना सांगावं लागतं आणि मोल उतरतं. खोल भेगेच्या खड्याला आम्ही हात लावू देणार नाही. अंगठीतून काढून, कडेने पूर्ण पट्टी असलेल्या पेंडंटमध्ये बसवून घ्या.